माझ्या नकाशात नसलेली बोअर

कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या काळ्या दगडात दाबून साठवला, तर तिथला दाब कुठवर वाढेल, हे संगणकावर आधीच सांगायचं, ही माझी नोकरी. दगड मात्र फक्त स्क्रीनवर पाहिलेला. त्यामुळे खोपोलीजवळ चाचणी ठरल्यावर कुणी विचारायच्या आत मी बॅग भरली. आधी साधं पाणीच दाबून बघायचं होतं; गॅसची पाळी नंतर.

मे महिन्यात जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची एसटी पकडा. मी उशिराची पकडली आणि बोरघाट उतरेपर्यंत इडलीसारखी वाफवून निघाले. शिळफाट्यावर वडापाव खाल्ला (दोन, खोटं कशाला बोलू) आणि साजगावच्या पुढच्या गावाला शेअर रिक्षा केली. रिक्षावाल्याला वाटभर माझं काम समजावलं. त्याने शांतपणे ऐकून तीस रुपये घेतले.

दगडात पाणी दाबणारा पंप सुरू झाला. जमलेल्या गावकऱ्यांना मी छातीठोकपणे सांगितलं की दाब गावच्या ओढ्यापर्यंतच जाईल, पलीकडे काहीही होणार नाही, आणि त्यांच्याच मांडवात बसून भाकरी आणि सुकटीची चटणी हाणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडच्या सुनंदाकाकू पेढे घेऊन आल्या. त्यांची बोअर कित्येक वर्षं कोरडी, म्हणून मी ती नकाशात धरलीच नव्हती. तिला पाणी आलं होतं. मी धावत गेले. बोअरपाशी नारळ फोडलेला. आत खडा टाकला, तर लगेच डुबुक. दगडातल्या कुठल्याशा भेगेतून दाब थेट इथवर आला होता.

काकूंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. खरं तर ते माहेरी व्हायचं, पण घरात पाणी नाही म्हणून खोपोलीत मावशीकडे ठरलं होतं. आता तिला घरीच आणते, सकाळीच फोन केला, असं काकू सांगत होत्या. मी हातातला पेढा परत ठेवला.

"काकू, हे पाणी आमच्या पंपामुळे वर आलंय. पंप थांबला की खाली जाईल. तिला आणू नका."

काकूंनी बोअरकडे बोट केलं. "काल तुमी बोल्लात, वढ्यापल्याड काय होनार नाय. ते चुकलं. मंग हे कशावरनं खरं?"

कालचं माझंच चुकलं, मी म्हटलं. त्या घरात गेल्या.

पुण्याला परतून मी ती बोअर आणि ती भेग नकाशात घातली. साहेब खूश झाले. गॅस असता तर त्याच वाटेने वर आला असता, पाण्यावरच कळलं ते बरं झालं, म्हणाले. मला मात्र रोज काकूंचं अंगण दिसायचं. पाणी खाली जाईल हे माझं भाकीत चुकावं, असं मनापासून वाटत होतं.

पंप बंद झाल्यावर काही दिवसांनी काकूंचा फोन आला.

"पानी गेलं, मॅडम. पोरगी मावशीकडंच हाय." नोकरीतलं माझं पहिलं अचूक भाकीत, आणि मला रडू आलं. काकू म्हणाल्या, "बारशाला घरी या. येताना पानी तेवढं घेऊन या."