तळ्यापलीकडची बाई

माझ्या नवऱ्याला देशाच्या कडा बघायचं वेड होतं. हे कांजूरमार्गला एका कारखान्यात फिटर होते. वर्षभर रजा साठवायचे आणि थंडीत जुना कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचे. एका वर्षी कच्छ, एका वर्षी पंजाब, एकदा नेपाळची बाजू. तिकडून आणायचे काय, तर शेतं, बांध, बाभळी, पायवाटा. माणूस नावाला नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मुलुंडला आमची एकच खोली होती. रविवारी दुपारी मोरीच्या खिडकीला घोंगडी लावून, लाल दिव्यात हे फोटो छापायचे. ट्रे हलवायचं काम माझं. कोऱ्या कागदावर हळूहळू शेत उमटायचं.

"ह्यात सीमा कुठाय हो?"

"त्या मधल्या बांधावरून जाते."

"दिसत तर नाही."

"मला तिथे उभं राहूनही दिसली नव्हती. म्हणून तर काढला."

मालवण आणि मुंबई सोडून मी काही पाहिलं नव्हतं. त्या ओल्या कागदाकडे बघताना वाटायचं, आपण आत्ता त्या बांधावरून चालत असायला हवं होतं. पण पहिल्या वर्षी मला दिवस गेले, मग मुलगी लहान, मग सासूबाईंचं दुखणं. शेवटी एका वर्षी मीच बॅग भरली. मुलीला कांदिवलीला आईकडे सोडलं आणि म्हटलं, "या खेपेला मी पण येणार."

हे हसले. "तिथे बघण्यासारखं काही नसतं गं."

"नसू दे."

बंगालच्या टोकाचं ते एक खेडं होतं. मोहरीच्या शेतात सीमेचा बुटका खांब आणि त्याला कुणीतरी शेळी बांधलेली. पुढे एक तळं. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा बांगलादेशाचा. पलीकडे माझ्याच वयाची एक बाई राखेने भांडी घासत होती. तिने मान वर करून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, पण मी आपली ओरडले, "बंबई! बंबई से!" तिला 'बंबई' बरोबर कळलं. ती जोरात हसली, उठली, कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"माझा काढा म्हणतेय ती."

"माणसं नाही काढत मी," हे म्हणाले.

"एकच काढा हो. आम्हा दोघींचा. पुढच्या वर्षी आणून देऊ तिला."

यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण काढला. अलीकडे मी, पलीकडे ती, मध्ये पाणी.

तेवढ्यात मागून एक जवान आला. पोरगेलासाच होता, रागावला नाही. "उस तरफ का फोटो मना है, भाईसाब," म्हणाला. यांनी पुष्कळ समजावलं. पण त्याने कॅमेरा उघडायला लावला, रीळ उन्हात ओढून काढलं आणि ती लांबलचक पट्टी माझ्या हातात दिली.

पलीकडे ती सगळं बघत होती. तिला वाटलं, फोटो निघाला. पदराला हात पुसून ती पाण्यात घोटाभर उतरली आणि तिने हात पुढे केला. मी मान हलवत राहिले. काय नि कसं सांगणार होते? जवानाने आम्हाला चला म्हटलं तेव्हाही ती हात पुढे करून तशीच उभी होती.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी म्हटलं, "ते रीळ धुवून बघू या."

यांना ठाऊक होतं त्यात काही उरलेलं नाही.  तरी यांनी घोंगडी लावली, औषधं कालवली. अख्खी पट्टी काळीकुट्ट निघाली. यांनी ती दोनदा उजेडाकडे धरून पाहिली, मग मी पाहिली.

पुढच्या वर्षी जायचं ठरत होतं, पण यांचा कारखाना बंद पडला. मग रजेचा प्रश्नच उरला नाही, आणि कॅमेऱ्याचाही. कधीतरी जेवताना हे अचानक म्हणायचे, "तिला वाटलं असेल, बाईने फोटो दिला नाही." मी भात वाढत राहायचे. मलाही तेच वाटत असायचं.