बेलिफ वर आलाच नाही

कोर्टाचा बेलिफ म्हणाला, "बाई, वर जंगलात बंदुका आहेत. मला लेकरं आहेत," आणि पुन्हा खुर्चीत बसला. म्हणून मनाई हुकूम घेऊन तो बजावायला जेलिमो स्वतःच निघाली. वकिलीची सनद मिळून तिला वर्षही झालं नव्हतं. जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या ज्या सेंग्वेर लोकांची घरं वनखात्याचे रखवालदार पेटवत होते, त्यांची ती वकील; आणि त्यांतलं एक घर तिच्या सख्ख्या आत्याचं.

भाड्याच्या मोटारसायकलवाल्याने तिला बांबूच्या बनाशी उतरवलं. "इथून पुढं तू जाणे नि तुझा हुकूम जाणे." धुराचा वास तिथवर येत होता. ती चालू लागली. कोर्टातही आवाज कापायचा तिचा, पण तिथे निदान समोरच्याच्या खांद्याला बंदूक नसायची.

माळावर तीन घरांची राख झाली होती. चौथ्याच्या दारात टापकिगेन आत्या ठाण मांडून बसली होती आणि एक रखवालदार छपराला काडी लावायच्या बेतात होता.

"थांबा," जेलिमो म्हणाली. आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सगळे रखवालदार वळले, बंदुकांसकट.

त्यांच्या म्होरक्याने तिच्या हातचा कागद घेऊन उलटसुलट केला. "शिक्का पुसट आहे."

"वाचता येतो."

"आणि मी वाचलाच नाही तर?"

तिने कागद परत घेतला. "तर मी वाचते. तुम्ही ऐकलंत की हुकूम बजावला गेला."

ती वाचू लागली. अगदी हळू.

"मोठ्यानं वाच गं," आत्या म्हणाली, "त्या काडीवाल्याला ऐकू जात नाहीये."

वाचून झालं. म्होरक्याने काडीवाल्याला हातानेच मागे बोलावलं. मग शांतपणे विचारलं, "पूर्ण नाव काय तुझं? शहरात राहतेस कुठं?"

भीतीने खोटंही सुचेना. तिने खरं सांगून टाकलं.

"लक्षात राहील," तो म्हणाला, आणि ते उतारावरून निघून गेले.

आत्याने वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं आंबट दूध ओतून दिलं. जेलिमोच्या हातून ते अर्धं सांडलं.

"भ्यालीस?"

"अजून भ्यालेय, आत्या. त्याला खोलीचा पत्ता सांगून बसले."

 आत्याने नुसती तिची पाठ चोळली.

सुनावणी होईपर्यंत उरलेल्या घरांना कुणी हात लावला नाही. शहरात मात्र दारावर थाप पडली की जेलिमो कडी काढायची नाही. भिंतीला टेकून, माणूस निघून जाईपर्यंत श्वास रोखून उभी राहायची.