गंगा ब्राझीलला गेली तेव्हा

ऋतुजाच्या पेपरात ॲमेझॉन नदी भारतात वाहत होती. मी म्हटलं, असेल, पोरगी घाईत असेल. पुढचा पेपर उघडला. तिथंही तेच. त्याच्या पुढच्यात गंगा थेट ब्राझीलला पोचलेली. अख्ख्या बॅचनं दोन देशांची अदलाबदल करून टाकली होती, आणि तीही इतक्या आत्मविश्वासानं, की कुठं साधी खाडाखोड नाही.

मी शाळेत भूगोल शिकवायची. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून मुलुंड ईस्टला एका कोचिंग क्लासमध्ये दहावीला शिकवते. क्लासचा मालक नितीन हा माझाच जुना विद्यार्थी. त्यामुळे तो मला 'बाई' म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. स्टाफसमोर मात्र आठवणीनं 'नितीन सर'. आताची पोरं 'मिस' म्हणतात.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवून शिकवतात. त्यामुळे 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आवडीचा. दोन रकाने आखायचे, एकात भारत, दुसऱ्यात ब्राझील. नितीनच्या नोट्समध्ये भारत कायम डावीकडे. वर त्यानं पाठांतराची पद्धतही काढलेली. डावा हात वर करून भारताचे मुद्दे म्हणायचे, उजवा वर करून ब्राझीलचे. पीटीच्या तासासारखं. खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट एकदा वर येऊन विचारून गेले, "नक्की काय चालतं हो इथं?"

तर युनिट टेस्टमध्ये मी ब्राझीलचा रकाना डावीकडे छापला. डोक्यात काही नव्हतं. ब्राझील नुकतंच शिकवून झालेलं, म्हणून ते आधी आलं. झालं! पोरांच्या डाव्या हातानं आपलं काम चोख बजावलं.

संध्याकाळी नितीन फोन हातात घेऊनच आला. "बाई, पेरेंट्सचा ग्रुप पेटलाय. रकाने उलटे कशाला टाकलेत?"

"उलटे म्हणजे? ब्राझील आधी लिहायला बंदी आहे का?"

"तसं नाही हो. पण पोरं नोट्सप्रमाणे पाठ करतात ना."

"मग पाठ काय केलं त्यांनी? हात?"

तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला आणि मुद्द्यावर आला. "हे बघा बाई, राग मानू नका. भूगोल शेवटी पाठांतराचाच विषय. नोट्स आहेतच. तुमचा शनिवारचा तास मी अल्जेब्राला देतो. तिथं निदान मार्क तरी वाढतील."

माझा पारा चढला. आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. जन्मभर जो विषय शिकवला तो झेरॉक्सवर भागतो, असं आपलाच विद्यार्थी तोंडावर सांगतोय! याला नकाशाची उत्तर दिशा मीच दाखवली होती.

"प्रिलिमपर्यंत थांब," मी म्हटलं. प्रिलिम म्हणजे बोर्डाच्या आधीची सराव परीक्षा. "पेपर बाहेरून काढून घे. बाहेरूनच तपासून घे. मला दाखवूही नकोस. बॅच आपटली तर मी स्वतःहून तास सोडते."

"आणि नाही आपटली तर?"

"तर तास माझा. आणि परत अल्जेब्राचं नाव काढायचं नाही."

"ओके," तो म्हणाला, पण म्हातारीची समजूत काढल्यासारखा.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या नोट्स दप्तरात ठेवायला लावल्या आणि कोरे कागद वाटले. "ब्राझील काढा."

"मिस, स्टेन्सिल नाही आणली!"

"नसू दे. बटाट्यासारखा आला तरी चालेल. त्यात नद्या दाखवा, डोंगर दाखवा, माणसं कुठं राहतात ते दाखवा."

मागून आवाज आला, "वाट लागली!" लागलीच होती. ऋतुजा ही बॅचमधली पाठांतराची राणी. तिचा कागद कोरा. ती रडकुंडीला आली. "मिस, मला सगळं येतं हो. फक्त पहिला शब्द सांगा ना!"

बोंब नेमकी इथंच असते. त्याच नोट्स रोज वाचल्या की त्या ओळखीच्या होतात. आणि जे ओळखीचं, ते आपल्याला येतं असं वाटायला लागतं. सोसायटीच्या वॉचमनला आपण रोज बघतो, पण त्याचं गाव कुठलं विचारलं तर सांगता येतं का? तसंच हे.

मग मी नियमच केला. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते काढायचं. मग पुस्तक उघडून लाल पेननं आपल्याच चुका दुरुस्त करायच्या. पुढच्या आठवड्यात तोच नकाशा परत, या वेळी आधी न वाचता. पोरं वैतागली. "मिस, यात नुसत्या चुकाच दिसतात." अरे, दिसू देत ना! प्रिलिमला दिसण्यापेक्षा आत्ता दिसलेल्या बऱ्या.

शिवाय कागदावरच्या प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारायचं. ऋतुजा एका ठिकाणी अडली. ब्राझीलच्या ईशान्येला एका पट्ट्यात पाऊस कमी पडतो, तो का?

"तुझं गाव कुठलं गं?"

"माण, साताऱ्याकडे."

"तिकडे पाऊस कसा आहे?"

"कुठला पाऊस, मिस! उन्हाळ्यात गेलं की टँकरची वाट बघायची."

"आणि इथं मुलुंडला?"

"इथं तर पाठ सोडत नाही."

"मध्ये काय आहे?"

तिनं बाकावर बोटानं मुलुंडपासून माणपर्यंत रेघ ओढली. मग हळूच म्हणाली, "सह्याद्री. ढग इकडेच रिकामे होतात."

"ब्राझीलमध्येही किनाऱ्याजवळ उंच कडा आहे. समुद्रावरचे वारे त्याला अडतात."

"म्हणजे तो पट्टा कड्याच्या मागे? मिस, म्हणजे तिकडे पण माण आहे?"

"आहे की."

पोरगी अशी काही हसली म्हणता! मला जाम आनंद झाला. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला भजी घेतली.

प्रिलिमच्या दिवशी मात्र मीच तासभर आधी क्लासवर जाऊन बसले. पेपर हातात पडला आणि बघते तर काय, त्यात रकानेच नव्हते. पेपर काढणाऱ्या टीचरनं सरळ विचारलं होतं: ब्राझीलमध्ये बरेच लोक किनाऱ्याजवळ का राहतात? कारणं द्या. नितीननं दारातूनच माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याच्या नोट्समध्ये या रूपात नव्हता, आणि मी तो जसाच्या तसा घेतला नव्हता. मी मनात म्हटलं, गेला माझा शनिवारचा तास.

पेपर तपासून आले त्या दिवशी नितीन धावतच आला. "बाई, पोरांनी हे काय केलंय? पानोपानी मार्जिनमध्ये बटाटे आहेत!"

ब्राझील होता तो. आधी नकाशा काढून पोरांनी त्यावरच विचार केला होता. ऋतुजानं जंगल कुठं, बंदरं कुठं, सुपीक जमीन कुठं, हे खुणांनी दाखवून मग उत्तर लिहिलं होतं. तिला त्यात पैकीच्या पैकी. दोघंतिघं आपटलेच. एकानं तर सवयीनं गंगा परत ब्राझीलला धाडली होती. पण बॅच तरली.

"तास ठेवतो, बाई," नितीन म्हणाला. "मानलं तुम्हाला."

"मला कशाला मानतोस? पोरांना मान."

शनिवार माझ्याकडेच राहिला. अल्जेब्राचे सर तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात, पण त्याला माझा इलाज नाही. आता पालक मुद्दाम भेटायला येतात. "मिस, भूगोलाचा अभ्यास कसा घ्यायचा हो घरी?" मी सांगते, घेऊच नका. पोराला कोरा कागद द्या, पुस्तक तुमच्याजवळ ठेवा आणि तोंड बंद ठेवा. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना जमतात.