डाव्या बाजूचा ब्रेक

जीपवाल्या काकू गाडी अनवाणी चालवायच्या. आधी पदर कमरेला खोचायचा, मग दार उघडायचं, चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि तळवे पुसून वर चढायचं. देवळात शिरतानाही माणसं एवढं करत नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "चपलेला काय कळतंय गं? पायाला कळतंय." ही शिकवण त्यांच्या नवऱ्याची. काकांनी सगळी नोकरी कन्नड गावाला जाणाऱ्या एसटी बसवर ड्रायव्हर म्हणून काढली होती, आणि त्यांच्या चपला म्हणे कायम सीटमागं जोडीनं ठेवलेल्या असायच्या.

पुंडलिकनगरात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. त्या जीपशी माझं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. फाटकाच्या आत जेमतेम जागा, तिथं ही उंच चाकांची, चारही चाकांनी ओढणारी धिप्पाड जीप, आणि तिच्या नि भिंतीच्या मधे माझी बिचारी स्कूटी. रोज सकाळी पोट आत ओढून मी ती बाहेर काढायचे. काका ओट्यावर बसून हे सगळं बघायचे, पण त्यांची काळजी स्कूटीची नसायची, जीपच्या रंगाची असायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही एकच हौस केली होती. शेत देवगाव रंगारीच्या अलीकडं, आणि डांबरी रस्ता सोडला की काळ्या रानातली वाट. पावसाळ्यात त्या वाटेत बैलगाडीही रुतायची. "माझ्या रानात जायला मला कुणाची मिनतवारी नको," असं म्हणून त्यांनी जीप घेतली आणि अद्रक, मका, वाटेकऱ्याची म्हैस असं सगळं बघायला ते दिवसाआड जाऊ लागले.

येताना दह्याचा डबा आणायचे. त्याचीही एक गंमत होती. वाटेकऱ्याच्या घरी सकाळीच लावून ठेवलेलं घट्ट दही, स्टीलच्या डब्यात, दोन सीटांच्या मधे ठेवलेलं. घरी आलं की आधी डब्याचं झाकण उघडायचं. दही जसंच्या तसं असलं की काकांची मान ताठ. "गाडी कशी आली ते दह्याला विचारावं," असं ते म्हणायचे. बस चालवत होते तेव्हापासूनची ही परीक्षा, आणि ते तीत कधी नापास झाले नव्हते. त्या न मोडलेल्या दह्यातलं वाटीभर वर माझ्याकडं यायचं, म्हणून मी जीपला पुष्कळ माफ केलं.

मग एका सकाळी काकांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. 'हं' एवढंच उरलं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. डावा हात चालत होता, डावा पाय चालत होता, धरून उभं केलं तर चार पावलं टाकता येत होती, पण ते टाकेनात. डॉक्टर सांगून थकले की ह्यांना उठवा, बाहेर न्या, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. काकू भरवायला बसल्या की ते ओठ मिटून घ्यायचे. आपलं माणूस आपल्या डोळ्यांदेखत जगणं नको म्हणतंय हे बघणं फार वाईट. जिन्यावरून येता-जाता मला ते दिसायचं.

पुण्याहून मुलगा आला. तो वाईट नव्हता, घाबरला होता. जीप विकू, शेत कायमचं दुसऱ्याकडं देऊ, तुम्ही दोघं माझ्याकडं चला, असं म्हणाला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझं बराबर हाय. पण ह्यांना आधी एकदा बांधावर उभं करती. मग काय ते बघू."

"कोण नेणार आई?"

"मी."

मुलगा हसला. मीही हसले, फक्त तोंड वळवून. काकूंनी तोवर सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी कॉलनीत ड्रायव्हिंग स्कूलची ती छोटी गाडी आली, शिकवणाऱ्या मास्तराच्या पायाशी वेगळा ब्रेक असलेली. काकू तिच्यात चपला काढून बसल्या. कितीतरी सकाळी ती गाडी गचके खात आमच्या गल्लीतून गेली आणि गल्लीतली कुत्री आपली जागा बदलून झोपू लागली. लायसन मिळालं तेव्हा काकूंनी पेढे वाटले नाहीत. जीपवरचं कापड काढलं, ती धुतली आणि शहरातल्या छावणी भागात घेऊन गेल्या.

"गाडी बसणाऱ्याची असती, चालवणाऱ्याची नसती," हे त्यांचं आवडतं वाक्य तेव्हापासूनचं. छावणीत सीटकव्हरं शिवणारे एक चाचा होते. त्यांना काकूंनी सांगितलं, रानात जाणारी गाडी आहे, पण आत बसणाऱ्याला गादीवर असल्यासारखं वाटलं पाहिजे. चाचा खूश झाले. काकू त्यांच्यासाठी लगेच बाजी, म्हणजे थोरली बहीण झाल्या. "बाजी, साहब को राजा बनाके बिठाता मैं," म्हणाले आणि त्यांनी ते खरंच केलं. डावी सीट खाली घेतली, मागं कलती केली, वर जाड फोम घातला. मानेला उशी, कुशीला लोड. चढायला रुंद लोखंडी पायरी, दाराच्या बाजूला डाव्या हातात धरायला बसमधल्यासारखी आडवी दांडी. खिडकीला पडदा, छोटा पंखा, पाण्याच्या बाटलीला खोबण. लघवीच्या भांड्यासाठी सीटखाली झाकणाचा कप्पा, म्हणजे वाटेत कुणासमोर खाली मान घालायला नको. सीटच्या खोळीला काकूंनी काकांच्या जुन्या खाकी शर्टाचा खिसा जसाच्या तसा शिवून घेतला होता, चष्मा ठेवायला. मी आत बसून पाहिलं. माझ्या घरातल्या सोफ्याची मला लाज वाटली.

पहिल्या फेरीला मी मागं बसले, धरायला एक माणूस असावं म्हणून. काकांना आम्ही दोघींनी पायरीवरून वर घेतलं. ते फोममधे असे रुतले की मागून त्यांचं नुसतं टक्कल दिसत होतं. काकूंनी पडदा ओढला, पंखा लावला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गाडी इतकी जपून काढली की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमले. काकांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले. पण मी वाकून पाहिलं तर त्यांचा डावा पाय ताठ झालेला. गतिरोधक आला की पाय जमिनीवर दाबला जायचा, वळण आलं की दाबला जायचा. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जातो, एका वेळी एकच गाडी मावते. तिथं समोरून एक टेम्पो आत घुसला. काकूंनी वेळेवर ब्रेक लावला, काही झालं नाही. पण काकांनी डाव्या मुठीनं दारावर धाडधाड मारलं आणि त्यांच्या तोंडून एक असा आवाज निघाला की काकूंनी पुढं जायचा विचारच सोडला. तिथंच थोडं थांबून आम्ही परत फिरलो.

काकूंनी जाताना आपल्या घरचं दही डब्यात घेतलं होतं, आपली परीक्षा घ्यायला. घरी येऊन झाकण उघडलं. दही अजिबात मोडलं नव्हतं.

"दही नाय मोडलं गं," काकू म्हणाल्या. "पण ह्यांचं तोंड बघ."

काका पुन्हा भिंतीकडं वळले होते. त्या दिवशी त्यांनी पाणीही घेतलं नाही. काकू माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या. काय कमी पडलं ते त्यांना कळत नव्हतं. मुलाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता त्या हो म्हणणार.

दोन-तीन दिवसांनी मी स्कूटी काढत होते, तर काकू जीपच्या डाव्या सीटवर बसलेल्या. एकट्याच, अनवाणी, पाय लांब करून.

"हितून काहीच दिसत नाय," त्या म्हणाल्या. "नुसतं आभाळ. मी ह्यांना आजारी माणूस म्हणून बसवलं बघ. ह्यांनी उभ्या जन्मात कधी आजारी माणसासारखा प्रवास केला नाय." मग म्हणाल्या, "तो मास्तर माझ्या शेजारी किती निवांत बसायचा. मी गाडी कुठंबी घालायची, आन् तो पान खायचा. का माहितीय? त्याच्या पायाखाली त्याचा ब्रेक होता."

त्याच दिवशी गाडी पुन्हा छावणीत. ह्या वेळी मीही गेले, कारण हे काय होणार ते मला बघायचंच होतं. चाचांनी मेहनतीनं घातलेला फोम काढताना त्यांचा चेहरा पडला. सीट उचलून घेतली, पाठ सरळ केली, पडदे उतरवले. दांडी, पायरी, कप्पा, खिसा राहिला. मग ब्रेकचं निघालं. शेजारच्या गॅरेजवाल्याला चाचांनी हाक मारली. तो समजूतदार माणूस होता. बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकू, नुसतं पायडल बसवून देतो. कशाला जोडत नाही. त्यांचं समाधान होईल, अन् तुम्हाला धोका नाही."

मला ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं. काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"पायाला कळतंय बाबा. ज्यानं जिंदगीभर ब्रेक दाबला त्याला मी खोटा ब्रेक देऊ? खरा बसव. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा."

"चालत्या गाडीत त्यांनी दाबला तर?"

"तर गाडी थांबंल. थांबल्यानं कोण मेलंय?"

पुढच्या फेरीला मी देवाचं नाव घेऊन मागं बसले. काका वर बसले, समोर काचेतून रस्ता दिसला, डावा पाय चाचपडत खाली गेला आणि पायडलवर थांबला. काकूंनी वाकून त्यांची चप्पल काढली आणि सीटखाली सरकवली. काकांनी पाय हलकाच दाबून पाहिला. मग मान वळवून काकूंकडं बघितलं. "हं?" म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी काही विचारलं असं ते पहिलंच.

"व्हय. खराय," काकू म्हणाल्या.

त्यानंतरचा प्रवास माझ्या कमरेला अजून आठवतो. काकांनी शेळ्यांसाठी ब्रेक दाबला, गतिरोधकांसाठी दाबला, लांबच्या ट्रकसाठी दाबला आणि कशासाठीही नाही म्हणूनही दाबला. आपलं राज्य परत मिळालेल्या माणसाचा उत्साह तो. गाडी बंद पडली की काकू शांतपणे पुन्हा चालू करायच्या आणि दर वेळी एकच म्हणायच्या, "दाबला? बरं केलं." दौलताबादच्या दरवाज्यापाशी तर काकूंनी आपला पाय बाजूलाच ठेवला. काकांनी गाडी थांबवली, समोरचा टेम्पो जाऊ दिला, आणि मग पाय उचलून "हं" म्हणाले. काकूंनी गाडी आत घातली. काळ्या वाटेवर चिखल होता, जीपनं तो मुकाट्यानं कापला. बांधावर काका दांडीला धरून उतरले आणि अद्रकाच्या पानांकडं बघत कितीतरी वेळ उभे राहिले. वाटेकरी डोळे पुसत होता. मी पुसत नव्हते असं म्हणणार नाही.

येताना वाटेकऱ्यानं दह्याचा डबा दिला. घरी पोचेतो त्याचं ताक झालं होतं. काकूंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि इतक्या हसल्या की काकाही तोंडाच्या एका बाजूनं हसले. रात्री ते दोन भाकरी जेवले.

मुलगा पुढं कधी जीप विकायचं म्हणाला नाही. दर आठवड्याला फेरी होऊ लागली आणि माझ्याकडं मोडलेलं दही येऊ लागलं. कढी, ताक, कढी. दही किती मोडलंय त्यावरून मला काकांची तब्येत कळायची. पाणी पुष्कळ सुटलेलं असलं की आज स्वारी मजेत. थोडं कमी मोडलेलं असलं की मी खाली जाऊन विचारायचे, बरं आहे ना. त्या काळात काका जितके जगले तितके ते निवृत्तीनंतर कधी जगले नसतील, असं मला वाटतं. काकूही. नवऱ्याचा ब्रेक मान्य करून गाडी पुढं नेणं हे त्यांनी जन्मभर केलंच होतं, फक्त ते आता आम्हाला दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा म्हणाला, तो जादा ब्रेक आता काढून घे आई, उगाच कुणाचा पाय पडेल. काकू म्हणाल्या, "असू दे." पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच शेतावर गेल्या. संध्याकाळी वाटी घेऊन वर आल्या. दही घट्ट होतं, चमच्यानं कापावं असं. मी विचार न करता म्हणून गेले, "काकू, आज अजिबात मोडलं नाही."

"कसं मोडंल?" काकू म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

नंतर प्रत्येक वेळी ते तसंच यायचं. मला ते खाववत नसे, आणि टाकवतही नसे.

यंदा माझी बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी काकू म्हणाल्या, "चल, रान बघून ये एकदा." मी डाव्या सीटवर बसले. बसताना माझ्याही नकळत चपला काढल्या होत्या. पाय मात्र पायडलपासून लांब, आखडून धरले. जाताना काही झालं नाही. येताना दौलताबादच्या दरवाज्यातून समोरून एक मोटरसायकल सुसाट आली आणि माझा डावा पाय आपसूक खाली गेला. गाडी गचका खाऊन बंद पडली. मोटरसायकल निघून गेली. मी घाबरून काकूंकडं पाहिलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि त्या समोर बघत होत्या.

"दाबला?" त्या म्हणाल्या. "बरं केलं."

मग घरापर्यंत त्यांनी मला जिथं जिथं दाबावासा वाटला तिथं दाबू दिला. ओट्यावर बसून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. दही मोडलं होतं. चांगलंच मोडलं होतं, वर पाणीच पाणी. ते दही त्यांनी मला बांधून देण्यासाठी आणलं होतं, पण दिलं नाही. आत जाऊन भाकरी आणली, मीठ आणलं, आणि आम्ही दोघींनी तिथंच ओट्यावर बसून तो डबा संपवला.