कटरसाठी बांधलेला कर्नेल

दुकानांच्या पाट्यांसाठी मी विनाइलची अक्षरं कापून देते. तेलुगू, उर्दू, हिंदी, मागाल ती. विद्यानगरच्या घरात पुढच्या खोलीत माझा जुना कटर आहे आणि तो ज्या कार्डाने कॉम्प्युटरला जोडलाय, ते कार्ड त्याहून जुनं. गेल्या वर्षी लिनक्स अपडेट केलं आणि कटर गप्प झाला.

कोठीहून मेकॅनिक आला, "मॅडम, इसका जमाना गया," म्हणाला आणि गेला. माझे धाकटे दीर आयटीत आहेत, त्यांचंही तेच मत. त्यांनी तर मला न विचारता भंगारवाल्याला रविवारी यायला सांगून टाकलं. कटर गेला असता तर मला अक्षरं कापून घ्यायला दुसऱ्याच्या दुकानात ताटकळावं लागलं असतं. ते मला मान्य नव्हतं.

शोधाशोध केली. कटर ठणठणीत होता. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल; यंत्रांशी तोच बोलतो. त्याच्या तयार आवृत्तीतून माझ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, वगळला होता. आता तो कोणी वापरत नाही म्हणे. मी वापरते. कर्नेलच्या मूळ, सगळ्यांना खुल्या असलेल्या सोर्स कोडमध्ये तो शाबूत होता, तेव्हा कर्नेल आपणच बांधायचा ठरवलं.

माझा ड्रायव्हर चालू केला आणि घरात नसलेल्या वस्तूंचे धडाधड बंद केले. शनिवारी नवा कर्नेल सुरू झाला, त्याने लॉगिनचं नाव विचारलं, आणि एक अक्षर उमटेना. सफाईच्या भरात कीबोर्डचाच ड्रायव्हर उडवला होता.

दीर मागेच उभे होते. "वहिनी, आता नाव ओरडून सांगा त्याला."

जुना कर्नेल पुसण्याचा मूर्खपणा केला नव्हता. यंत्र बंद करून सुरू होतानाच्या यादीत, जिथे कीबोर्ड अजून चालतो, तोच निवडला, कीबोर्ड परत घेतला, पुन्हा बांधायला लावलं आणि भाजी चिरायला गेले.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा कटर बेगम बाजारातल्या मसालेवाल्याची पाटी कापत होता. भंगारवाल्याने आत डोकावून पाहिलं. "ये तो चलरी," म्हणाला आणि जिना उतरला.

दिरांनी विचारलं, "पुढच्या अपडेटला पुन्हा हेच करत बसणार?"

"बसणार. तुम्ही दर वेळी नवा फोन घेता, तेव्हा मी काही बोलते का, भावजी?"

निदान अपडेट आपोआप होतील असं लावून देतो, म्हणाले. माझ्या नकळत तयार कर्नेल यायला नको, म्हटलं आणि अक्षरांभोवतीचं विनाइल सोलायला घेतलं.