पाच नंबरची काच

माझ्या बायकोला मी दीड महिना वेल्डिंगचा चष्मा घालायला लावला होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. एकाने ओळखलं, पण त्यानं ओळखणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

सुनंदाला अर्धशिशी. गेल्या वर्षी ती इतकी वाढली, की ट्यूब लावली तरी डोळ्यांवर हात जायचा. ब्लाउज शिवणं हे तिचं वीस वर्षांचं काम. शिलाई मशीनवर चादर पडली. आमच्या लेकीचा, ऋचाचा साखरपुडा दोन महिन्यांवर आलेला. "तिचा ब्लाउज मीच शिवणार," एवढंच ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चष्म्याची चिठ्ठी लिहिली आणि तोंडी बरंच समजावलं. मी ऐकत नव्हतो. खडकीच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. कामगारांना सेफ्टी गॉगल मी देतो. मला गॉगल शिकवणार?

तरी कसब्यातल्या चष्मेवाल्याकडे गेलो (गेलो, एवढं तरी श्रेय द्या). त्यांनी फिकट गुलाबी काच पुढे ठेवली.

"ही? हिच्यातून तर आरपार दिसतंय!"

"चष्मा आहे. आरपार दिसावं अशी पद्धत आहे."

"काळी दाखवा. तिला उजेड सहन होत नाही."

"काळी फक्त उन्हात. घरात घातली तर डोळ्यांना अंधाराची सवय लागते, मग साधा उजेडही टोचतो. चिठ्ठीवर लिहिलंय. वाचता येतं ना आपल्याला?"

"पण एवढ्याशा रंगानं काय होणार?"

"घरात अंधारच हवा असेल तर बल्ब काढा. चष्मा कशाला?"

त्या रागात निघालो तो थेट बुधवार पेठेत, सेफ्टीचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या दुकानात! तिथे गॅस वेल्डिंगचे चष्मे होते. काड्यांचे, बाजूला झडपा असलेले, गर्द हिरव्या काचांचे. तीन नंबर आणि त्याहून गडद पाच नंबर, दोन्ही एकाच भावात. सत्तावीस वर्षांच्या अनुभवानं मी क्षणात निर्णय घेतला. त्याच पैशात जास्त काळोख मिळत असताना कमी कोण घेईल?

ठिणग्यांचं चित्र असलेला खोका वाटेतच फेकला. चिठ्ठी गॅसच्या पासबुकात लपवली.

"हाच सांगितलाय ना डॉक्टरांनी?" सुनंदानं विचारलं.

"हो," मी म्हणालो. एका अक्षराचं खोटं. त्याला वजन ते काय असणार, असं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "किती शांत वाटतंय हो!" मी फुगलो. दुसऱ्या आठवड्यात चहात हिंग पडला आणि कपड्यांच्या स्टँडला "या, बसा ना," असं आमंत्रण मिळालं. तिसऱ्या आठवड्यात चष्मा काढला की देवघरातली समईसुद्धा तिला टोचायला लागली.

"अहो, वाढत तर नाही ना हे?"

"होईल सवय."

सवय होत होती, तीच तर पंचाईत होती! चष्मेवाल्याचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. स्टोअरमध्ये पाच नंबरचा गॉगल देताना माझी बोटं सुटेनात. "साहेब, सोडा की!" वेल्डर म्हणायचा. तरी घरी माझं "होईल सवय" चालूच. मशीनवरची चादर तशीच. ब्लाउज शेवटी विकत आणला. सुनंदानं तो नुसता चाचपून पाहिला आणि म्हणाली, "बरा आहे."

साखरपुड्याला हॉलमध्ये व्हिडिओवाल्याचे प्रखर दिवे. सुनंदा विहीणबाईंची ओटी भरायला निघाली. मी तिच्या कोपराशी राहायचं ठरलं होतं, पण केटररनं हाक मारली, "काका, श्रीखंड बघता का जरा?" गेली ती दोनच मिनिटं!

वळून पाहतो तर कुंकू लावून झालेलं, ओटी भरून झालेली, विहिणीसाठी घेतलेली रेशमी साडी हातात दिलेली, आणि समोर अवघडून बसलेल्या, केटररच्या पोळ्या लाटणाऱ्या बाई!

"अहो ताई, मी पोळ्यावाली!"

"असं कसं म्हणता विहीणबाई? आता पोळ्या आमची ऋचा करेल!"

खऱ्या विहीणबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या.

"आमची ओळख पटली नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

सुनंदानं गडबडून चष्मा काढला. दिव्यांचा झोत डोळ्यांत गेला आणि ती पदरात तोंड घालून खालीच बसली. आता मात्र विहीणबाईंचा आवाज बदलला. त्यांनी चष्मा उचलून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

"अगं बाई! हॉल कुठे गेला? कुठल्या डॉक्टरनं दिला हा? नाव सांगा. उद्याच जाते त्याच्याकडे!"

"कुणाला काही बोलू नका हो," पदराआडून सुनंदा म्हणाली. "यांनी किती हिंडून आणलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. आतून आलं, "श्रीखंड वाढायला घेऊ का?"

अनिकेत, होणारा जावई, चाकणला इंजिनिअर आहे. त्यानं चष्मा हातात फिरवला, काचेच्या कोपऱ्यातला बारीक आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बेसिनपाशी माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"काका, गॅस वेल्डिंगचा ना?"

मी हात धूत राहिलो (ते स्वच्छच होते). "हो."

"आणि पाच नंबर?"

"तीन आणि पाच एकाच भावात होते."

त्यानं नळ बंद केला. "मी काही बोलणार नाही. ते तुम्ही बोला. पण उद्या काकूंना चष्मेवाल्याकडे न्या."

नेलं. "बल्ब काढून झाले वाटतं," चष्मेवाले म्हणाले, एवढंच. फिकट गुलाबी काच, वरून-बाजूनं उजेड येऊ नये म्हणून जरा मोठी फ्रेम, उन्हासाठी रुंद कडेची टोपी. सगळं मिळून, मी ज्या खर्चाचा धसका घेतला होता त्याच्या निम्म्यात! पाच नंबरची सवय सुटायला मात्र कितीतरी आठवडे लागले. रोज थोडा थोडा वेळ तो चष्मा काढून ती बसायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि मी शेजारी रुमाल धरून. मग एक दिवस मशीनवरची चादर निघाली. लग्नाचा ब्लाउज तिनंच शिवला.

आता ती सोसायटीभर सांगते, "त्या डॉक्टरांनी माझे डोळेच घालवले असते! यांनी वेळेवर दुसरा चष्मा आणला म्हणून निभावलं." दोन शेजारणींनी डॉक्टर बदललेसुद्धा.

म्हणून हे लिहिलं. कागद तिच्या मशीनवर ठेवणार आहे. तिला उजेड सोसत नव्हता तेव्हा ठेवला असता तर काही भीती नव्हती. हल्ली ती बारीक अक्षरही सलग वाचते. ती वाचेल तेव्हा समोर बसायचं बळ यावं म्हणून तो पाच नंबरचा चष्मा मी जपून ठेवलाय. मीच घालणार आहे.

डॉक्टरांची माफी मागायची राहिली आहे. आणि सुनंदाला तोंडानं सांगायचं राहिलं आहे, की तो चष्मा त्यांनी सांगितलाच नव्हता, मी माझ्या मनानं आणला होता.