आपांच्या उंदरांचा निकाल

आपा प्रयोगशाळेतसुद्धा छत्री उघडून बसायच्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की छत्री तिकडे वळवायच्या. "लग्न झालं नाय," म्हणायच्या, "पण ऊन सासू होऊन बसलंय!"

डॉ. शमीम औरंगाबादच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायच्या. मॅडम कुणी म्हणत नसे. आम्हा विद्यार्थिनींच्या त्या आपा, म्हणजे थोरली बहीण. त्यांना ल्युपस होता. त्यात शरीराचे पहारेकरी शरीरावरच उलटतात. सांधे आखडतात, उन्हानं गालांवर लाल चट्टे उठतात. तरुणपणी लग्न ठरलं, तेव्हा मुलगी जरा भरलेली म्हणून अम्मींनी त्यांना बारीक होण्याच्या गोळ्या चारल्या. त्यांत ॲम्फेटामिन हे भूक मारणारं औषध. आधी भूक गेली, मग झोप. त्याच वर्षी चट्टे उठले आणि मुलाकडच्यांनी पाठ फिरवली. आपांचा संशय गोळ्यांवर, म्हणजे अम्मींवर. एका घरात राहूनही त्या आईशी कामापुरतंच बोलायच्या.

शेवटी त्यांनी प्रयोगच मांडला. ल्युपस होणाऱ्या जातीचे उंदीर आणले, त्यांतल्या निम्म्यांना तेच ॲम्फेटामिन द्यायचं ठरवलं. औषध नशेचं, म्हणून परवानगीसाठी हेलपाटे घातले. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "उंदरांना व्यसन लागलं तर?"

"तर हर्सूलच्या तुरुंगात टाका. भाकरी तरी सरकारी मिळंल."

औषध दिलेले उंदीर पिंजऱ्यात वरातीतल्यासारखे नाचायचे. "बारीक झाले गं," आपा म्हणायच्या, "आता स्थळं बघू."

निकाल आला. औषध दिलेले आणि न दिलेले, दोघांच्या आजारात काहीच फरक नव्हता. आपांनी सगळं पुन्हा तपासलं. तेच. विभागप्रमुख म्हणाले, "थोडा तरी संबंध दाखवा, नाहीतर छापणार कोण?"

"सर, उंदीर नाय म्हणतायत. मी व्हय कशी म्हणू?"

त्या संध्याकाळी त्या मला सोबत घेऊन घरी गेल्या. एकटीनं जायचा धीर होत नव्हता बहुतेक. अम्मी पलंगावर बसून सुपारी कातरत होत्या. आपा त्यांच्या पायांशी बसल्या.

"अम्मी, गोलियों का कसूर नै निकला. चूहे तो नै बोल रै. मैं इत्ते साल तुमकू..."

अम्मींचा अडकित्ता थांबला. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग एकदम कडाडल्या,

"तो चूहे पहले कायकू नै पाले गे?"